टाचेचं हाड

प्राचीन काळचे राक्षसी कांगारू उड्या मारत नव्हते, माणसासारखे दोन पायांवर चालत होते, हे ग्लेनिस पास्को वीस वर्षं घसा कोरडा करून सांगत आली होती. तिचा जुना गुरू ट्रेवर लिंडनर तितकीच वर्षं म्हणायचा, "कांगारू आणि चालणार? काहीतरीच!" दर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या नलारबरच्या माळावर जीवाश्म खणायला तंबू पडले, की चहाआधी भांडण उकळायचं.

यंदा ती चिडून उठलीच. "एवढ्या वजनानं उडी मारली तर पोटरी टाचेला बांधणारी शीर तुटेल. हे बघ!" म्हणत तिनं स्वतःच उड्या मारून दाखवल्या. तिसऱ्या उडीला शीर तुटली.

"पटलं बाई," ट्रेवर म्हणाला. तिला तो टोमणाच वाटला.

पावसानं माळाचा चिखल झालेला. डॉक्टरांचं विमान परवाशिवाय उतरणार नव्हतं. मग जीवाश्म बांधायचंच गोणपाट आणि प्लास्टर तिच्या पायाला लागलं. सवयीनं ट्रेवरनं त्यावर बाण काढून लिहिलं, 'ही बाजू वर. नाजूक.'

"नाजूक? मी?"

"पायाचं म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या ती गुहेत सापडलेलं राक्षसी कांगारूचं टाचेचं हाड साफ करू लागली, आणि मध्येच थांबली. शीर चिकटते ती जागा चांगली रुंद आणि खडबडीत होती. इतकी जाड शीर तुटते कशाला? हा गडी खुशाल उड्या मारत असणार! हाड तसंच गुंडाळून संग्रहालयाच्या तळघरात ढकललं असतं, तर वर्षानुवर्षं कुणी उघडलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण शेवटी ती लंगडी घालत ट्रेवरच्या तंबूत गेली.

"जिंकलास," ती म्हणाली. हाड तिनं त्याच्यापुढे ठेवलं.

ट्रेवरनं हाडावरून अंगठा फिरवला आणि चोरासारखं तिच्याकडे पाहिलं. "उशीर केलास गं. तू पडलीस आणि माझी खात्रीच पटली. काल फोन करून शास्त्राच्या मासिकाला कळवून टाकलं, माझं चुकलं, ते चालायचेच."

"माझ्या टाचेवरून? अरे म्हाताऱ्या!"

"मग तू तरी एका हाडावरून काय ठरवतेस? जाड शीर नुसतं वजन पेलायलाही असू शकते."

वाक्य तिचंच होतं, वीस वर्षं त्याला ऐकवलेलं, शब्द न् शब्द. त्याच्या तोंडून ते किती पोकळ वाटत होतं! तिनं प्लास्टरचा पाय, बाण वर करून, खोक्यावर ठेवला.

"कांगारू आणि चालणार?" ती म्हणाली. "काहीतरीच!"

ट्रेवरनं चहाचं आधण ठेवलं.