रुखवतातलं विमान

माझा भाऊ कल्याणप्पा लई भला माणूस हाय, असं सारं नळदुर्ग म्हणतं. म्हणू द्या. त्यांना त्याच्या दुकानात खत-बियाणं उधारीवर मिळतं, ते भलाच म्हणणार. म्या शांतम्मा, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहते, त्याचंच अन्न खाते, आणि तरीबी सांगते, पोटच्या पोरीशी त्यानं जे केलं ते वैऱ्यानंबी केलं नसतं.

पोरगी म्हणजे महेश्वरी, त्याची एकुलती एक लेक. ती लहान असतानाच तिची आई वारली, तवापासून म्याच वाढवली तिला. सोलापूरला राहून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला पोरीनं. पुढं बेंगळुरूला जाऊन विमानाच्या दुरुस्तीचं शिकायचं होतं. परीक्षा देऊन नंबरबी लागलता. कल्याण म्हणला, बाईमाणसानं हातात पाना घेऊन काळं तोंड करायचं असतं का? झालं. विषय संपला. आमच्या घरात विषय संपायला कितीसा वेळ लागतो!

महेश्वरी रडली न्हाय, भांडली न्हाय. गच्चीवरच्या खोलीतली बियाण्याची पोती एका अंगाला सारली आणि तिथं विमान बांधायला बसली. आताचं न्हाय, जुन्या काळातलं. टायगर मॉथ म्हणतात त्याला. एकावर एक असे दोन पंख, मधे काठ्या, आणि सगळीकडनं तारा ताणलेल्या. आपल्याकडचे जुने पायलट त्याच्यावरच उडायला शिकले म्हणं. खऱ्या विमानाचा बरोबर दहावा हिस्सा धरून तिनं ते करायला घेतलं. पंखाची लांबीच दोन हात भरायची.

दोन वर्षं चाललं ते. कापसासारखं हलकं लाकूड ऑनलाइन मागवलं. त्याच्या पंखांच्या फासळ्या ब्लेडनं कापायच्या, पॉलिश पेपरनं घासायच्या, आणि एखादी नखभर जाड झाली की टाकून द्यायची. ताणायच्या तारा म्हणजे मोटरसायकलच्या क्लच वायरचे पदर सोडवलेले. पंखावर चढवायला कापड पाहिजे होतं ते माझ्या वायलच्या जुन्या पातळाचं. खऱ्या विमानात कापड फासळीला टाके घालून बांधत होते, म्हणून हिनंबी तसंच बांधायचं ठरवलं, आणि तिथं मला कामाला लावलं. डोळे फुटायची पाळी आली माझी. एकदा म्या एक गाठ जरा लांब मारली तर पोरीनं अख्खी ओळ उसवली. म्या म्हणलं, ह्यात बसून कोण लंकेला निघालंय, कोण बघणार हाय तुझ्या गाठी? तर म्हणली, "आत्या, म्या बघणार हाय की."

पायलटच्या जागी आगपेटीएवढी खुर्ची, तिच्यापुढं काडीएवढा दांडा. दांडा हलवला की खालच्या पंखाच्या कडा वरखाली व्हायच्या. म्या विचारलं, वरच्या पंखाच्या का हलत न्हाईत गं? तर खऱ्या विमानालाबी खालच्याच हलत होत्या म्हणं. आता हे नळदुर्गात कुणाला ठाऊक होतं, सांगा. पण तिला ठाऊक होतं, आणि तेवढं तिला बास होतं.

कल्याणला मात्र ह्या सगळ्याची लाज वाटायची. दुकानातलं कुणी घरी आलं आणि वर काय ठकठक चाललंय म्हणलं, की हा सांगायचा, सुतार आलाय. आपली शिकलेली लेक वर बसून लाकूड तासतीय हे सांगायला ह्याची जीभ उचलायची न्हाय. म्या एकदोनदा झापलं त्याला. पण ऐकेल तर तो कल्याण कसला!

मग पुण्याचं स्थळ आलं. मुलगा नंदीश. चांगला हाय पोरगा, खोटं कशाला बोलू. साखरपुडा झाल्यावर दोघं फोनवर बोलायला लागली, तवा कळलं की त्याच्या मामाचा, शरणप्पांचा, पुण्यात कारखाना हाय आणि तिथं हेच काम चालतं. म्युझियमला, कॉलेजला, कंपन्यांना विमानांची, जहाजांची, इंजिनांची मॉडेलं करून देतात. वीसेक माणसं हाताखाली. महेश्वरीनं हे मला सांगितलं तवा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. दोन वर्षांत पहिल्यांदा पोरगी भरभरून बोलली.

पण त्यात अडचण होती. नंदीशच्या आईला सुनेनं बाहेर कामाला गेलेलं चालणार नव्हतं. भावाचा शब्द मात्र ती बाई खाली पडू देत नव्हती. मामा म्हणला ही माझ्याकडं येऊ दे, तर ती न्हाय म्हणणार नव्हती. आणि मामाचं असं, की तो वशिला मानत न्हाय. नंदीशनं साफ सांगितलं, म्या तुझं नाव घेतलं तर तो तुझ्या कामाकडं बघणारसुद्धा न्हाय. त्याच्या डोळ्यापुढं काम यायला पाहिजे, मग तोच विचारील.

तवा म्याच म्हणलं, अगं, रुखवतात ठेवू की. रुखवत सगळे पाहुणे बघतात, मामाबी बघणार. आणि रुखवतावर नाव कोण लिहितंय? ते नवरीच्या हातचंच असतं, लहान लेकराला ठाऊक हाय. महेश्वरीनं मला मिठीच मारली. कल्याणला विचारलं तर त्यानं लग्नाच्या गडबडीत वर येऊन विमान एकदा नीट बघितलं आणि म्हणला, दिसायला भारी हाय, ठेवा मधोमध. मामाच्या कारखान्याचं त्याला सांगितलं न्हाय, त्यानं तिथंच मोडता घातला असता.

लग्न हायवेवरच्या मंगल कार्यालयात होतं. पार तेलंगणातनं पाहुणे आलते. रुखवताच्या टेबलावर साखरेची पिंड, लोकरीचा नंदी, खोबऱ्यावर कोरलेली नक्षी, आणि मधोमध पिवळं धमक विमान. पोरंटोरं तर हलेनात तिथनं. म्या आपली डोळ्यात तेल घालून उभी, कुणी हात लावू नये म्हणून.

अक्षता पडायच्या आधी विहीणबाई चार बायका घेऊन आल्या. सगळीकडं नजर फिरवली आणि एकीला म्हणल्या, घरीच केलेलं दिसतंय बाई सगळं. आमच्या थोरल्या सुनेचं लातूरहून ऑर्डरनं आलतं, बघणाऱ्याचे डोळे दिपले. कल्याण मागंच उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं. घरी केलेलं म्हणजे पैसा खर्चला न्हाय, असं त्याच्या व्यापारी डोक्यानं घेतलं. म्या त्याच्याकडं बघत होते, पण तवा मला पुढचं कळलं न्हाय.

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, नवरा-नवरी स्टेजवर बसली. मग शरणप्पा मामा आले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. विमानापाशी आले आणि थांबलेच. आधी हात लावला न्हाय त्यांनी. वाकून खालून बघितलं, बाजूनं बघितलं, चष्मा काढून पंखावरचे टाके बघितले. बोटाच्या टोकानं दांडा हळूच हलवला, खालच्या पंखाच्या कडा हलल्या तवा गालात हसले. तिकडं स्टेजवर महेश्वरीनं नमस्काराला आलेल्या बाईकडं बघायचं सोडून इकडं मान वळवलीती.

"हे कुणी केलं?" मामांनी विचारलं.

म्या तोंड उघडायच्या आत कल्याण पुढं. विहीणबाई शेजारीच, सोलापूरचे दोन व्यापारीबी तिथंच. छाती काढून म्हणला, "पुण्याहून खास ऑर्डर देऊन करून घेतलंय. एकुलती एक लेक हाय, मागं कशाला सरायचं?"

अंगाची लाही लाही झाली माझ्या. म्हणलं, कल्याण, काय बोलतोस? अहो पाहुणे, पोरीनं केलंय हे, दोन वर्षं खपून केलंय, ह्यातले टाके म्या घातलेत. तर कल्याण हसला, चारचौघांत हसला, आणि म्हणला, आमच्या अक्काला भाचीचं लई कौतुक, तिला सगळं पोरीनंच केलंय वाटतं. विहीणबाईबी हसल्या.

मामा हसले न्हाईत. ते सरळ स्टेजवर गेले. म्या मागोमाग, कल्याण माझ्या मागं. मामांनी महेश्वरीला शांतपणे विचारलं, "पोरी, तुझ्याच तोंडानं ऐकायचंय मला. ते विमान तू केलंयस?"

नंदीश तिच्याकडं बघायला लागला. तिनं मामांकडं बघितलं, मग मामांच्या खांद्यावरनं बापाकडं. कल्याणनं काही खूण केली न्हाय, डोळे वटारले न्हाईत, खोटं कशाला सांगू. नुसता उभा होता. कपाळावर घाम, फेटा जरा सरकलेला, आणि आजूबाजूला त्याचे सगळे गिऱ्हाईक, सगळे सोयरे. ती व्हय म्हणली असती तर भर मांडवात बाप खोटा पडला असता.

"न्हाय," महेश्वरी म्हणली. "विकत आणलंय."

मामांनी मान हलवली, आशीर्वाद दिला, आणि खाली उतरले. जाताजाता कल्याणकडं त्या कारागिराचा नंबर मागितला. असा हात मला पाहिजे, म्हणले. कल्याण म्हणला, शोधून पाठवतो.

लग्नानंतर नंदीश गप्प बसला न्हाय, एवढं त्याचं चांगलं. महेश्वरीनं विमान करताना मोबाईलवर काढलेले फोटो होते. फासळ्यांचे, टाक्यांचे, सगळे. ते घेऊन दोघं मामांकडं गेली. मामांनी एकेक फोटो बघितला. हे मला नंदीशनं फोनवर सांगितलं. मामा म्हणले, तू केलंयस ह्यात मला आता शंका न्हाय. पण माझ्याकडं रोज मोठी माणसं येतात, हे असं कर, ते तसं दाखव म्हणतात. तिथं आपल्या कामाच्या बाजूनं उभं राहावं लागतं. जी पोरगी माणसं बघून आपल्या कामाला न्हाय म्हणती, तिच्या भरवशावर म्या काय सोडू?

म्या महेश्वरीला म्हणलं, अगं, दुसरं बांध, आणखी चांगलं बांध, नेऊन आदळ त्या माणसापुढं. तर म्हणली, आत्या, मामा काय खोटं बोलले? आता पुण्यात सकाळी डबे भरती, संध्याकाळी देवळात जाती. विमान टीव्हीच्या वर ठेवलंय. आल्यागेल्याला सासूच सांगती, व्याह्यांनी ऑर्डर देऊन करून घेतलंय म्हणून.

हे सगळं म्या कल्याणला सांगितलं. दुकान बंद करून आला होता, जेवायला बसला होता. एकेक शब्द सांगितला, मामा काय म्हणले तेबी. वाटलं, आता तरी ह्याच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. त्यानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि तोंडात घातली.

"वाईट झालं," म्हणला. "पण अक्का, मांडवात तिनं माझी पत राखली. लेक असावी तर अशी."