कबुतरांसाठी टांगलेली सीडी

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे आणि सिनेमाचीही नव्हे. तोंड वाकडं करायचं असेल तर खुशाल करा, मला सवय आहे. मी ड्रायव्हरची सीडी आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते आधी ऐका. कॉम्प्युटर हा मोठा शिष्ट प्राणी. ओळख करून दिल्याशिवाय तो कुणाशी बोलत नाही. नवा प्रिंटर जोडा नाहीतर कॅमेरा, हा आपला ढिम्म! मग माझ्यासारखीनं मध्ये पडून सांगावं लागतं, 'अरे बाबा, हा आपलाच आहे, ह्याचं म्हणणं असं असं आहे.' तेवढंच माझं काम. पण ते मी जीव ओतून केलं.

एका कारखान्यात गरम ठशाखाली माझा जन्म झाला. पाठीवर चंदेरी थर चढला, त्यावर निळी शाई लागली आणि एका छोट्या कॅमेऱ्याबरोबर मला खोक्यात बसवलं. कॅमेरा तळहाताएवढा होता. त्याला पडदासुद्धा नव्हता. काढलेले फोटो त्याच्या पोटातच राहायचे आणि मी ओळख करून दिली, तरच कॉम्प्युटरवर दिसायचे.

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात लीलाधर सर राहत. त्यांनी आम्हाला आपल्या लेकीसाठी, मोनालीसाठी, घेतलं. काय मुलगी होती! मला नेहमी कडेनं धरायची. 'आई, हिला बोटं नको लावू गं,' म्हणून मंगलाबाईंना, म्हणजे आपल्या आईला, दटावायची. कॉम्प्युटर बिघडला आणि सगळं नव्यानं भरायची वेळ आली की घरभर माझ्या नावाचा पुकारा. मी आत जाऊन भिंगरीसारखी गरगर फिरायचे. काम झालं की मोनाली टाळ्या पिटायची. त्या टाळ्या माझ्याच होत्या, असं मी आजही मानते.

ती सगळ्यांचे फोटो काढायची. वडिलांचे, गल्लीतल्या शेळ्यांचे, केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रकांचे. फोटो काढणारी तीच, म्हणून फोटोत ती कुठेच नसायची. एकदाच तिनं कॅमेरा आईच्या हातात दिला. "आई, माझा काढ. इथे दाब. घाबरू नको, फुटत नाही तो!" मंगलाबाईंनी दाबलं. पोर खळखळून हसत होती.

तो फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा राहिला. मोनालीला ताप आला. इंदूरला नेलं. ती परत आली नाही. चौदा वर्षांची होती हो.

पुढे विजेचा दाब वाढून कॉम्प्युटर जळाला, भंगारात गेला आणि आधीचे सगळे फोटो त्याच्याबरोबर गेले. कॅमेरा ट्रंकेत कपड्यांखाली गाडला गेला. भिंतीवर मोनालीचा एकच फोटो उरला, चार वर्षांची असतानाचा.

मोनाली ज्या खिडकीत अभ्यासाला बसायची, तिथे कबुतरं घाण करू लागली. चकाकणारी वस्तू टांगली की कबुतरं येत नाहीत, असं शेजारच्या वंदनाबाईंनी सांगितलं. मंगलाबाईंनी मला लाल दोऱ्यात ओवून त्या खिडकीत बांधलं. उन्हात माझी पाठ करपली, निळी शाई उडाली. आणि दर दिवाळीला मंगलाबाई मला खाली काढून, पितळेच्या भांड्यांबरोबर, तीच पावडर आणि तोच काथ्या घेऊन घासायच्या. "लेकीची वस्तू आहे, मळू नाही द्यायची," म्हणायच्या. अहो बाई, नका घासू, माझं बोलणं पुसतंय, असं ओरडावंसं वाटे. पण सांगू का? त्या हातात इतकी माया होती की मला राग यायचाच नाही.

यंदा ट्रंक उपसताना कॅमेरा सापडला. मंगलाबाई तशाच उठल्या आणि इतवारा भागातल्या मयूरच्या दुकानात गेल्या. मयूर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मोनालीच्याच वर्गातला तो. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन घरी आला.

"मयूर, पाहा ना रे बाबा. तिचा हसतानाचा फोटो आहे यात. मीच काढला होता. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही रे. चार वर्षांचीच दिसते."

"टेन्शन नका घेऊ काकू, देखते हैं."

त्यानं कॅमेरा जोडला. लॅपटॉपनं 'अनोळखी उपकरण' म्हणून पिवळी खूण दाखवली. मेला शिष्ट! मयूरनं इंटरनेट पालथं घातलं. ड्रायव्हर म्हणून जे उतरवलं ते भलतंच निघालं, ते काढता काढता त्याला घाम फुटला. कॅमेऱ्याची कंपनी कधीच बंद पडलेली.

"काकू, सोबत सीडी आली होती का? ती असली ना, तर काम झालंच समजा. माझ्या दुकानात जुन्या विंडोजचा एक डबा कॉम्प्युटर आहे, त्यावर चालेल."

मंगलाबाईंचा चेहरा उजळला. "आहे ना! जपून ठेवली आहे मी. ती पाहा, खिडकीत!"

मयूर खिडकीकडे बघतच राहिला.

मंगलाबाईही बरोबर दुकानात आल्या. तिथं त्यानं मला कापसानं पुसलं, टूथपेस्ट चोळली. मग केळं सोलून ते माझ्या अंगावर फिरवलं, त्यानं ओरखडे भरतात म्हणे. हसू नका. त्या क्षणी तुम्ही शेण चोळलं असतंत तरी मी चालवून घेतलं असतं. मला आत ढकललं. मी फिरू लागले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकली. मंगलाबाईंनी हात जोडले. मला एकेक अक्षर आठवत होतं, मी सांगत होते, सांगत होते, पट्टी टोकाला आली, आणि एका ठिकाणी माझी वाचाच गेली. तिथं काही उरलंच नव्हतं. 'फाइल वाचता येत नाही.' मयूरनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"नाही होत, काकू."

"पण कॅमेऱ्यात आहे ना ती?"

"आहे. आतच आहे."

मंगलाबाईंनी कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला. "कोणत्या बाजूला असेल रे?"

मयूर वायर गुंडाळू लागला. मग त्याच म्हणाल्या, "मी घासायचे रे तिला. दर दिवाळीला. त्यानं तर नाही ना झालं?"

मयूरनं माझे ओरखडे झाकत मला पटकन पालथं ठेवलं. "छे छे, काकू! उन्हानं झालं. या सीड्या असतातच तशा."

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिची चकाकी बघत बसू नका. ती बोलते आहे तोवर तिच्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. आणि आपल्या आईचे फोटो काढता ना, तसे आईकडून स्वतःचेही काढून घ्या आणि त्याच दिवशी तिला दाखवा. मी जन्मभर खरं तेच सांगितलं, त्याशिवाय मला काही येतच नव्हतं. पण कुणाच्या आईनं कधी तुम्हाला विचारलं, 'माझ्या हातानं झालं का रे?' तर खरं सांगू नका. उन्हानं झालं, म्हणा.