पसाभर कोंड्याचा सौदा

पोर विकत घेताना मला हसू आवरत नव्हतं. मी खिडकीबाहेर चिखलात उभी, वाऱ्यानं डोक्यावरचा रुमाल मागे पळतोय, आणि हातात पसाभर कोंडा. आतून बाळाच्या आजीनं, मोठ्या एनेनं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ खिडकीतून माझ्याकडे दिलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ए बाई, कुत्र्याचं पिल्लू घेतेस का?”

“केवढ्याला?”

“पसाभर कोंडा टाक आणि घेऊन जा. आमच्या काही कामाचं नाही.”

कोंडा तिच्या ओंजळीत ओतला, पिल्लू छातीशी धरलं, घराला एक वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत जाऊन ते नुरजादाच्या, म्हणजे त्याच्या खऱ्या आईच्या मांडीवर ठेवलं. “माझं पिल्लू आहे, नीट सांभाळ,” असं म्हणायचं असतं. मी म्हटलं. चाळिसावा दिवस होईपर्यंत पोर माझं. मग मला जेवू घालून ते परत घ्यायचं. तोवर लहान मुलं न्यायला जे कोणी येतं ते या दारात आलंच, तर त्याला इथं फक्त परक्याचं पिल्लू दिसतं.

या सौद्याला बाई लागते ती जिची सगळी पोरं जगलीत अशी. माझी तिन्ही धडधाकट आहेत, गावभर उच्छाद मांडतात. मोठ्या एनेच्या घरातली दोन नातवंडं, नुरजादाचीच, गेली होती. एक उन्हाळ्यात वरच्या कुरणावर, एक हिवाळी गोठ्यांवर, दोन्ही अगदी कोवळी असताना. तेव्हा हे कुटुंब बारा महिने डोंगरातच राहायचं. गावात उतरलं ते मागच्या पानगळीत. त्यामुळे ती पोरं कशानं गेली ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती. नव्या बाळाच्या घरात गेलेल्या बाळांचा विषय कुणी काढत नाही. तालुक्याच्या प्रसूतिगृहातसुद्धा नुरजादानं “पहिलंच आहे” असं सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मी या गावची नर्स. पांढरा कोट आहे, रक्तदाबाचं यंत्र आहे, दवाखान्याच्या खोलीची किल्ली आहे. पण त्याच्याही आधी मी या गावची सून आहे, आणि माझ्या नोकरीतलं खरं दुखणं तेच. शेजारच्या गावची नर्स तिथली लेक आहे. ती म्हाताऱ्यांना मीठ कमी खा म्हणून खुशाल दटावते. मी ज्यांना दटावायचं ते सगळे माझे सासरे, दीर, चुलत सासवा. त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही, पाठ फिरवायची नाही, दाराजवळ बसायचं आणि चहा ओतायचा. मोठी एने तर माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. तिचं नाव मी इथंही सांगणार नाही, सुनेनं घ्यायचं नसतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही हिच्यापुढे तोंड उघडायला मी घाबरते, याचा मला भयंकर राग आहे.

बाळ घरी येऊन आठवडाही झाला नसेल. मी दुपारी बघायला गेले. दुसऱ्या कुणाला आत घेतलं नसतं, पण मी पडले मालकीण.

“ये, ये, सालकिनाय. तुझं पिल्लू बघून घे,” मोठी एने म्हणाली. “जीव ओवाळून टाकावा इतका गुणी आहे. पहिल्या दिवशी नुसता आकांत मांडला होता. आता बघ, रडतसुद्धा नाही.”

खिडकीवर जाड रजई टांगलेली. खोलीत एकच दिवा, तोही जुन्या पद्धतीचा, पिवळा. त्या उजेडात भिंत पिवळी, नुरजादाचे हात पिवळे, माझा कोटही पिवळा. पाळण्यात बाळ घट्ट बांधलेलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत तेवढं दिसतंय. गाढ झोपलेलं. मी गालाला बोट लावलं, मग जरा टिचकी मारली. तोंड हललं नाही.

“एने, रजई थोडी सरकवते. उजेडात रंग बघायचाय.”

“चाळीस दिवस बाहेरचा उजेड नको.”

“मग पाळण्याच्या पट्ट्या सोडू का? पायाचे तळवे बघते, लगेच बांधते.”

“आत्ता झोपलाय तो. तुम्ही शिकलेल्या बाया पोराला सुखानं झोपूही देत नाही.”

“दूध नीट पितोय का?”

हे मी नुरजादाला विचारलं होतं. नुरजादानं सासूकडे पाहिलं. ती पोरगी एकवीस-बावीसची असेल, डोळ्यांखाली काळं आलेलं. नवरा मेंढ्या विताहेत म्हणून गोठ्यांवर, तिथं फोन लागत नाही. तिनं सासूकडे पाहिलं आणि सासूच म्हणाली, “पितो. नुरजादा, सालकिनायचा पेला भर.”

नुरजादानं माझा पेला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा घोटभर-घोटभर देतात, म्हणजे बसा, अजून ओतू. काठोकाठ दिला की समजायचं, आता उठा. मी तो गरम चहा उभ्याउभ्या घशाखाली घातला, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

घरी आले आणि जीव थाऱ्यावर येईना. पीठ मळायला घेतलं, पाणी जास्त झालं. पुन्हा पीठ घातलं, कडक झालं. अंगणात गेले, दोरीवरचे कपडे काढले आणि ओले आहेत हे बघून परत वाळत घातले. एर्मेक, माझा नवरा, ओट्यावर बसून लगाम शिवत होता.

“कोंबडी अंडं घालायला जागा शोधते तशी का फिरतेयस?”

“ते पोर रडत नाही.”

“आपली तिन्ही रडायची तेव्हाही तू डोकं खायचीस.”

“रडत नाही म्हणजे त्याच्यात रडायचं त्राण नाहीये. दूध ओढत नसेल. कावीळ डोक्यात चढली, तर पोर मरेल. नाहीतर जगेल आणि त्याला आयुष्यभर ऐकू येणार नाही, मान धरता येणार नाही.”

“मग तिथं का नाही बोललीस?”

तो काही वाईट बोलला नव्हता, पण लगाम उचलून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. तिथं का नाही बोललीस! सगळं शिकून, कोट घालून, मी एका पेल्याला भिऊन उठून आले होते. सूर्य कड्याकडे सरकत होता. आमच्या दरीत तो एकदा कड्यामागे गेला की संपलं. मला पोर उजेडात बघायचं होतं, आणि उजेड चालला होता.

“शेजारच्या जोल्दोशला म्हणावं गाडी काढ,” मी म्हणाले. “मोठ्या एनेच्या दारात आण आणि बंद करू नकोस, ती पुन्हा लवकर चालू होत नाही.”

“तिनं पोर दिलं नाही तर?”

“तुझी काकू आहे. तू येतोस?”

एर्मेकनं लगामात डोकं घातलं आणि तसाच जोल्दोशला फोन लावला. मी निघाले. चालताना काय बोलायचं ते जुळवत होते आणि एकही वाक्य नीट जमत नव्हतं. एने, कृपा करा. एने, रागावू नका. एने, रक्ततपासणी. सगळी वाक्यं सुनेची.

दार मोठ्या एनेनंच उघडलं. “काय विसरलीस?”

“माझं पिल्लू,” मी म्हणाले.

हे कुठून आलं ते मलाच कळलं नाही. पण आलं, आणि मग मागे फिरता येईना. “मी ते विकत घेतलंय. चाळिसावा झालेला नाही. ते माझं आहे आणि मी ते इस्पितळात नेतेय.”

“डोकं फिरलंय का तुझं? ती नुसती रीत आहे.”

“नुसती रीत?”

तिनं दाराची कडी घट्ट धरली.

“मग म्हणा तसं,” मी म्हणाले. “इथं दारात उभ्या राहा आणि मोठ्यानं म्हणा, सौदा खोटा होता, पोर याच घरातलं आहे. म्हणा. ज्याला ऐकायचं असेल तो ऐकेल.”

म्हातारीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं माझ्या खांद्यावरून मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, खरंच कुणी ऐकत उभं असावं तसं. दोन नातवंडं पुरलेली बाई ती. तिच्या भीतीवरच मी पाय दिला होता, आणि मला ते कळत होतं, आणि तरीही मी तो काढला नाही. लाज वाटली, पण नंतर. त्या वेळी मला फक्त कड्यावरचं ऊन दिसत होतं.

ती बाजूला झाली.

मी आत गेले, पाळण्याच्या पट्ट्या सोडल्या, पोर उचललं आणि दारातल्या उजेडात आणलं. त्याचं अंग कापडासारखं लोळागोळा पडलं. छातीवर बोट दाबून उचललं, खाली पिवळं. पोटावर, पिवळं. तळव्यावर दाबलं, तिथंही पिवळंधमक. डोळ्याची पापणी वर केली आणि लगेच सोडून दिली.

“नुरजादा, कोट घाल.”

ती आधीच दारात उभी होती, कोट घालून. सासूकडे न बघता ती गाडीत जाऊन बसली. मोठी एने उंबरठ्यावरच राहिली. आली नाही, अडवलंही नाही.

रस्ताभर मी नुरजादाला दूध पाजायला लावत होते. पोर दोनदा ओठ हलवायचं आणि सोडून द्यायचं. “पिल्लू, ए पिल्लू,” म्हणत मी त्याचे तळवे चोळत होते. जोल्दोश खड्ड्याला शिवी हासडायचा आणि लगेच गाडीत बायका आहेत म्हणून माफी मागायचा. मध्येच नुरजादा म्हणाली, “आपा, कालपासून तो पीतच नाहीये.” एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिला काही बोलले नाही. तोंड असून न बोलणाऱ्यांत मीही होते.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाकडे एक नजर टाकली आणि माझ्यावर तुटून पडल्या. तुम्ही नर्स ना, एवढं पिवळं होईपर्यंत काय करत होता? मी ऐकून घेतलं. त्यांचं काय चुकलं होतं? बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, नळीनं दूध दिलं. आईचं आणि बाळाचं रक्त जुळत नाही म्हणाल्या. रक्त बदलावं लागेल म्हणून तयारीही केली. मग ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर असं ठणाणा रडलं की बाहेरच्या बाकावर माझी झोप उडाली. मी तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. इतका सुंदर आवाज माझ्या तिन्ही पोरांनीही कधी काढला नव्हता.

त्याच दुपारी दुधाच्या गाडीत बसून मोठी एने आली. पांढरा रुमाल नीट बांधलेला, बगलेत भाकरीची पिशवी. माझ्याशी बोलली नाही. काचेजवळ गेली आणि निळ्या उजेडात पाय झाडणाऱ्या नातवाकडे बघत राहिली. मी मागे उभी होते, हात पुढे बांधून, सून उभी राहते तशी. आता ती काय बोलेल याची मला धडकी भरली होती.

“वाचला?” तिनं विचारलं.

“वाचला. कानांची तपासणी पुढे करतील. पण बहुतेक ठीक आहे.”

“हा दिवा त्यासाठीच असतो?”

“हो.”

ती काचेकडेच बघत म्हणाली, “ती दोघंही अशीच झाली होती. आधी रडायची, मग रडेनाशी झाली. मी सगळ्यांना सांगायचे, किती गुणी आहेत.”

तिनं भाकरीची पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली.

“त्यांना या दिव्याखाली आणलं असतं तर?”

“एने, ते आपल्या हातात थोडंच असतं,” मी म्हणाले. “अल्लाची मर्जी. तुम्ही जीव लावला होताच—”

“हे सून बोलली,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी नर्सला विचारलं.”

आत नुरजादा खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारीच्या पाठीकडे. तीन दिवसांपूर्वी मी हिला दारात उभं करून एक वाक्य म्हणायला सांगितलं होतं. आता माझी पाळी होती.

“वाचली असती,” मी म्हणाले. “बहुतेक दोघंही.”

तिनं मान हलवली. काचेवर हात टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली, मग हात काढून घेतला.

“हिला कधीतरी हे कळेल,” ती सुनेकडे बघत म्हणाली. “ती तुलाच विचारेल. तेव्हा असलं अल्लाची मर्जी वगैरे सांगू नकोस. नाहीतर ती स्वतःला खात बसेल. म्हणावं, त्या दोघांना सासूनं दवाखान्यात नेऊ दिलं नाही.”

“एने—”

“खरंच नव्हतं नेऊ दिलं. तिनं तेव्हा विचारलं होतं.”

मग पिशवी काखेत सावरून ती नर्स बसते त्या टेबलाकडे गेली आणि आत जायचं तर हात कुठे धुवायचे ते विचारू लागली.