ब्रानोकची तिसरी लेव्हल

टेबलावर

"आठवी लेव्हल देऊन टाक त्याला आणि विषय संपव," रोली म्हणाला. तोंडात क्रिंगल पेस्ट्रीचा तुकडा तसाच.

रविवारची दुपार, रसीन गावातला कामगार युनियनचा हॉल. आर्डिसपुढे पुठ्ठ्याचा आडोसा; त्यामागे ती फासे टाकायची आणि आकडा स्वतःशीच ठेवायची. हा खेळ ती कित्येक वर्षं चालवत होती. ती गुहा सांगायची, राक्षस सांगायची. आपलं पात्र काय करतं ते बाकीचे सांगायचे. जिंकून आणलेल्या खजिन्याला गुण, गुण साठले की वरची लेव्हल. तिच्या टेबलावर आजवर एकही लेव्हल कुणाला फुकट मिळाली नव्हती. याची तिला घमेंड होती, आणि ती लपवतही नव्हती.

पण आज वेंडेल परत आला होता. ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडला तेव्हा टेक्ससला गेला होता तो. इकडे रोलीचा योद्धा आणि जनेटची जादूगारीण आठव्या लेव्हलला पोचले. वेंडेलचं पात्र, ब्रानोक, अजून दुसरीतच. पहिल्या फटक्यात मेला असता. मग वेंडेल पुन्हा या हॉलची पायरी चढला नसता. आर्डिस त्याला शाळेपासून ओळखत होती.

"फुकटचं नको," वेंडेल म्हणाला. "टेक्ससला मेव्हण्याकडे फुकटचं खाऊन आलोय पोटभर."

डोंगरात

बोगदा. भिंतीत अरुंद फट, आत सोन्याची पेटी. चिलखतवाला आत शिरूच शकत नाही. ब्रानोककडे चिलखत नाही.

ब्रानोक जागचा हलत नाही.

टेबलावर

"आर्डिस, ही फट कधीची गं?"

"डोंगराइतकी जुनी."

"डोंगराइतकी, की आज मी येऊन कोट काढून ठेवला तेव्हापासूनची?"

जनेट उगाचच खोकली. आर्डिसचे कान तापले. कॉफी ओतता ओतता रचली होती तिनं ती फट.

"मला घास भरवू नकोस," वेंडेल हळूच म्हणाला. "ब्रानोक मेला तर मेला."

आर्डिसनं आडोसा मिटला आणि खुर्चीखाली सारला.

"फट नाही. पेटी नाही. फासे सगळ्यांसमोर. पुढे पुलावर राक्षस आहे, आधीपासून आहे तसाच."

"बाई गं," रोली पुटपुटला.

डोंगरात

योद्धा पुलाच्या अलीकडे बेशुद्ध. जादूगारिणीचे मंत्र संपलेले. राक्षस पुलाच्या मधोमध.

ब्रानोक विचारतो: पूल कशानं धरलाय? साखळीनं. साखळी? एका खुंटीत अडकवलेली. खुंटी? अलीकडच्या काठावर, पण राक्षसाच्या हाताच्या टप्प्यात.

ब्रानोक खुंटीकडे धावतो.

टेबलावर

राक्षसाचा फासा आर्डिसच्या मुठीत. वीस बाजू, पाच किंवा जास्त पडले की ब्रानोक संपला. आडोसा असता तर काहीही पडलं तरी ती "राक्षसाचा वार चुकला" म्हणाली असती.

टाकला. फासा क्रिंगलच्या ताटलीला आपटला, गरगरला.

चार.

"उपटली खुंटी!" वेंडेल ओरडला.

डोंगरात

पूल नाही. राक्षस नाही. खाली बराच वेळ आवाज. अलीकडच्या गुहेत राक्षसाचा सगळा खजिना.

टेबलावर

रोलीनं गुण जोडले. "पाचवी! थेट पाचवी होतेय त्याची!"

आर्डिसला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंच होतं.

"एका बैठकीत एकच लेव्हल," ती म्हणाली. "वरचे गुण गेले. तुझेही गेले होते रोली, विसरलास?"

"अगं, पण आज तरी..."

"तिसरी," वेंडेल म्हणाला. हॉलच्या पलीकडे पत्ते खेळणाऱ्यांनी माना वळवल्या, एवढ्या मोठ्यानं. त्यानं कागदावरचा दोन खोडला, तीन लिहिला आणि खोडरबराचा चुरा फुंकर मारून रोलीच्या कागदावरच्या आठवर उडवला.

"चौथीला अजून किती लागतात?"

"पुष्कळ," आर्डिस ताठ बसत म्हणाली.

"झकास." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "पुढच्या रविवारी क्रिंगल माझ्याकडून."