शिंपीमास्तरांच्या पोटातली नळी

मित्रांनो, मी बारीक तारेच्या जाळीची एक नळी आहे. मला स्टेंट म्हणतात. कारखान्यात मला विणलं, दाबून पाकिटात बंद केलं, आणि पुढे वर्षभर मी दवाखान्याच्या कपाटात नुसती पडून होते.

मग शिंपीमास्तर आले. त्यांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी कापून काढला होता. तो परतला आणि त्याने आतडंच आवळून धरलं. घोटभर पाणीही उलटून पडायचं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे दुर्बीण घालून मला त्या अडचणीत नेऊन सोडलं. मी हळूहळू फुलले आणि वाट मोकळी झाली. बाईंनी मास्तरांच्या बायकोला स्पष्ट सांगितलं, की ही नळी खाण्यापुरती आहे, आजार हिने बरा होणार नाही. बायकोने पहिलं तेवढंच ऐकलं.

चौथ्या दिवशी मास्तर वाटीभर सूप प्याले. शेजारीपाजारी माझं कौतुक झालं. मीही जरा भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू?

बायको दर रविवारी मास्तरांच्याच टेपने त्यांची कंबर मोजायची. तिसऱ्या रविवारी ती इंचभर वाढली, पाचव्या रविवारी तीन इंच. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. मास्तरांनी मुकाट्याने पँटची शिवण उसवून कंबर सैल केली.

मी आतच होते, मित्रांनो. ते मांस नव्हतं, पोटात पाणी साचत होतं. माझ्या जाळीच्या भोकांतून आजार आत शिरत होता. दोन्ही टोकांना तोंडं असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

सहाव्या रविवारी मास्तरांनी शर्टाची बाही वर केली.

"आज दंड मोज."

तिने मोजला. शर्टाच्या जुन्या मापापेक्षा दंड दोन इंचांनी उतरला होता.

"चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय. माणूस भरतो तेव्हा दंडही भरतो. हे पाणी आहे गं."

"अहो, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच इंचाला."

मग बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

"तू किती दिवसांनी हसत होतीस."

तिने टेप गुंडाळून ठेवली आणि ती त्यांच्याजवळ बसली.

आता माझी वाट बुजत चालली आहे. मी फार दिवस पुरणार नाही आणि मास्तरही. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याला काय कळलंय ते त्यालाच विचारा आणि तो बोलेपर्यंत जवळ बसा. तीन आठवडे मास्तर आपलं मरण एकट्याने जाणून होते. त्यांच्या सोबतीला मी होते, पण मी पडले तारेची.