टोक कापलेली नळी

विक्रोळी पार्कसाइटला सहदेव परबचं लहानसं गॅरेज आहे. हात कसबी, जीभ त्याहून कसबी. अलीकडे कुठलीही गाडी बिघडून आली की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "पेट्रोलमध्ये अल्कोहोल घालतायत. गाडीची वाट लागणारच. मी तरी काय करू?" गिऱ्हाईक मान डोलावी, चार शिव्या हासडी आणि निघून जाई. आपल्यालाही असं उत्तर आवडतंच की! दोष लांबच्या कुणाचा तरी निघाला की आपण सगळे मोकळे.

धोंडिरामकाका त्याचे जुने गिऱ्हाईक. इथल्याच एका कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला, सुंदराबाईंना, ते आपल्या वीस वर्षं जुन्या स्कूटरवरून घाटकोपरला डायलिसिसला नेत.

"सहदेव, पेट्रोलचा वास येतो रे."

"नवं पेट्रोल आहे काका. वास येणारच."

असं म्हणत तो टाकीखालची रबरी नळी काढी. तिचं टोक फुगून मऊ पडलेलं असे. सहदेव ते ब्लेडनं कापी आणि उरलेली नळी ओढून पुन्हा बसवी. ही त्याची नेहमीची रीत. योग्य नळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती, पण तेवढ्यासाठी उठायचं कोण? असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा नळी बोटभर आखूड झाली.

मग एका शुक्रवारी हायवेवर स्कूटर खड्ड्यात आदळली आणि ताणलेली नळी निसटली. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडलं. भडका उडाला! काकांनी बायकोला ओढून लांब नेलं. पण तिच्या आजारपणाची फाईल डिकीत राहिली होती. ती काढायला ते परत गेले. फाईल हाती लागली, पण दोन्ही हात होरपळले.

सहदेव इस्पितळात गेला तेव्हा काकांचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते. त्याच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "बघा ना काका, हे अल्कोहोलचं पेट्रोल..."

"गप रे!" काका म्हणाले. "तीस वर्षं मी थिनर आणि स्पिरिटच्या पिंपांत काढली. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आम्हाला, ज्या पिंपात जे आहे, त्याला सोसेल तीच नळी लावायची. चुकीची लावून आग लागली तर आम्ही स्पिरिटला शिव्या घालायचो का? उसाच्या, मक्याच्या अल्कोहोलवर गाडी चालते, सहदेव. ॲव्हरेज थोडं कमी मिळतं, टाकीत पाणी राहू द्यायचं नाही, जुन्या गाडीची रबरं बदलायची. एवढंच. हे आम्हाला घरोघर कुणी सांगितलं नाही, ती चूक वरच्यांची. पण तू? तू तर डोळ्यांनी बघत होतास ना?"

हो, बघत होता! तिन्ही वेळा बघत होता! फुगलेली टोकं त्यानेच तर कचऱ्यात टाकली होती. सहदेवची मान वर होईना. त्याला स्वतःची लाज वाटली.

सुंदराबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आता मंगळवारी मला कोण नेणार रे?"

"मी नेतो, काकी."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी गॅरेज बंद असतं. दारात ज्या खिळ्याला तो लिंबू-मिरची टांगायचा, त्याला काकांच्या स्कूटरची जळकी, आखूड नळी लटकते. गाडी आली की सहदेव आधी नळ्या तपासतो आणि काय बदलायला हवं ते स्पष्ट सांगतो. काही गिऱ्हाइकं वैतागून पुढच्या गॅरेजला जातात. तो त्यांना अडवत नाही, पण सांगितल्याशिवाय सोडतही नाही. काकांची बोटं अजून मिटत नाहीत.

मित्रहो, आज हे इंधन आलं, उद्या दुसरं येईल. ते आपल्या गाडीला सोसेल की नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं वेळेवर सांगायला हवं. ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला इंधनाकडे बोट दाखवायचा हक्क नाही.

सहदेवच्या गाडीवर बसण्याआधी सुंदराकाकी आजही वाकून टाकीपाशी वास घेतात. त्यांचं होईपर्यंत तो खाली मान घालून थांबतो.