सूर्यभानजींचे अठ्ठ्याऐंशी

माणिकबाईनं आधी शाकीबच्या टेबलावर कागद ठेवला. मग पिशवीतून गोणपाटाच्या दोन ओल्या गुंडाळ्या काढून त्या कागदाशेजारी मांडल्या आणि कोणी बस म्हणायच्या आत समोरच्या खुर्चीवर बसली. अकोल्यातल्या खुशालरावांच्या बियाणे तपासणी केंद्रात चिखलाचे पाय घेऊन येणारे पुष्कळ असत. पण ओलं गोणपाट थेट संगणकाला टेकवणारी ही पहिलीच. शाकीबनं घाईघाईनं कीबोर्ड बाजूला ओढला.

"वाच," ती म्हणाली.

कागद त्यांच्याच केंद्राचा होता. सोयाबीन, घरचं बियाणं, गाव बोरखेडी, तालुका चांदूर रेल्वे. खाली ठळक अक्षरांत उगवण: उणे एक टक्का.

खरं सांगायचं तर शाकीब हसला. पंचवीस वर्षांचं वय, अमरावतीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, केंद्राचे सगळे रिपोर्ट छापणारा प्रोग्राम त्यानं एकट्यानं सी भाषेत लिहिलेला. अशा माणसाला साठीची बाई उणे एक दाखवायला आली तर हसू यायचंच.

"छपाईत गडबड झाली असंन, मावशी."

"मी पन तेच म्हनली. शून्य असतं तं मी गप बसली असती. बी मेलं मंजे मेलं. पन शून्याच्या खाली उतरून बी करते काय, हे मले कोनी सांगून नाही राहिलं. आता हा दुसरा कागद पाय."

दुसरा कागद सूर्यभानजींचा होता. तेच गाव, तेच पीक, उगवण अठ्ठ्याऐंशी टक्के.

मग तिनं गोणपाटं उलगडली आणि शाकीबचं हसू जागच्या जागी राहिलं. पहिल्या गोणपाटात दहा-दहाच्या दहा ओळी होत्या. ओल्या तागावर पांढरेशुभ्र, बोटभर मोड एका दिशेनं वळलेले. आठ वर्षांपूर्वी त्यानं शाळा सोडली, तेव्हापासून बी उगवताना त्यानं पाहिलंच नव्हतं. रोज दिवसभर तो फक्त बियांचे आकडे छापत होता. तिच्या शंभर दाण्यांतले त्र्याऐंशी उगवले होते. दुसऱ्या गोणपाटात सूर्यभानजींच्या घरून मागून आणलेले शंभर दाणे, तशाच ओळींत. त्यात चौतीस मोड. बाकीचे दाणे फुगून, पिवळे पडून, बुळबुळीत झालेले.

"मळणीच्या वक्ती त्याईचं थ्रेशर लय जोरात फिरत होतं," माणिकबाई म्हणाली. "सोयाबीनचं टरफल लय नाजूक. आतून चिरलं की खलास."

बोरखेडीत गेली दोन वर्षं पिशवीतलं विकतचं बियाणं उगवलं नव्हतं. दुबार पेरणी करून करून गाव मेटाकुटीला आलं होतं. म्हणून सतरा घरांनी मिळून ठरवलं, की यंदा गावातलंच बियाणं पेरायचं; पण अंदाजपंचे नाही, तपासणीचा कागद पाहून. कागद आले. माणिकबाईचा उणे एक, सूर्यभानजींचा अठ्ठ्याऐंशी. झालं, ठरलं. सूर्यभानजींची पोती घराघरांत गेली. माणिकबाईनं गोणपाट दाखवलं तेव्हा लोक म्हणाले, म्हातारी जळते.

"यंत्राले काय कोनाचा राग असते का, असं मलेच इचारतेत. मले तरी कुठं म्हनायचं आहे की यंत्र खोटं बोलते? मले फक्त इतकं सांग, त्यानं माह्यं बी पाह्यलं का नाही?"

शाकीबला त्याच्या मास्तरांनीही कधी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"पाहून सांगतो," तो म्हणाला.

"लवकर पाय. वाफसा आला, जमीन पेरनीजोगी झाली, की लोक थांबत नाहीत." चारच्या गाडीची वेळ झाली होती. तिनं दोन्ही गोणपाटं पुन्हा तशीच गुंडाळली, ओळ न मोडता, आणि ती स्टेशनकडे गेली.

शाकीबनं प्रोग्राम उघडला.

उगवण खोलीत मोड मोजले जात आणि प्रत्येक नमुन्याचा आकडा एका फाइलीत भरून फ्लॉपीवर इकडे येई. प्रोग्राम फाइल उघडी, आकडा एका खणात ठेवी, त्या खणातून छापी. इतकं साधं. सकाळी सुरू होताना त्या खणात उणे एक असे, म्हणजे अजून काहीच वाचलेलं नाही. ती खूण शाकीबनंच ठेवली होती आणि ठेवून विसरला होता. माणिकबाईचा नमुना त्या दिवशीचा पहिला होता. तिची फाइल फ्लॉपीवर आलेलीच नव्हती.

इथवर ठीक. पण फाइल नसलेला नमुना दिवसातला पहिला नसेल तर खणात काय असेल? आधीच्या माणसाचा आकडा असेल.

त्यानं रजिस्टर ओढलं. नमुना एक्केचाळीस, गयासुद्दीन शेख, पातूर, अठ्ठ्याऐंशी. नमुना बेचाळीस, सूर्यभानजी, बोरखेडी, अठ्ठ्याऐंशी.

आता सी भाषेची एक गोष्ट आहे. तिला फाइल उघडायला पाठवलं आणि फाइल सापडली नाही, तर ती आरडाओरडा करत नाही. रिकाम्या हातानं परत येते, आणि काम का झालं नाही ते एका ठरलेल्या जागी लिहून ठेवते. त्या जागेला एररनो म्हणतात. ज्यानं पाठवलं त्यानं विचारायचं असतं, काम झालं का, नाही तर का नाही. तेही लगेच, कारण दुसरीकडे काही बिघडलं तर आधीचं कारण पुसून नवं लिहिलं जातं. शाकीबनं हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. प्रोग्राम लिहिताना मात्र एकदाही विचारलं नव्हतं. फाइल असणारच, हे त्यानं गृहीत धरलं होतं.

त्यानं चार ओळी वाढवल्या. हात रिकामा असेल तर छापायचं नाही, थांबायचं, आणि कारण पडद्यावर दाखवायचं. मग महिन्याभराच्या फ्लॉप्या डब्यातून काढून एकेक पुन्हा चालवल्या.

अशी फाइल नाही. बेचाळीस नंबरला पडद्यावर ती ओळ आली तेव्हा शाकीब खुर्चीतून उठून उभाच राहिला. पुढे पुन्हा आली. पुन्हा आली. दोनशे बारा नमुन्यांत एकोणीस वेळा आली. बियांच्या धुळीनं भरलेल्या तिथल्या फ्लॉपी-ड्राइव्हनं एकोणीस फाइली वाटेतच गाळल्या होत्या, आणि उगवण खोलीतला संगणक दर आठवड्याला जुनं सगळं पुसून टाकी. ते एकोणीस आकडे आता कुठंच नव्हते.

तरी त्याला त्या घटकेला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं. एकोणीस वेळा ते रिकामे हात घेऊन त्याच्यासमोर उभं राहिलं होतं, कारणासकट, आणि दर वेळी त्याच्याच प्रोग्रामनं त्या हातांकडे न बघता खणात पडलेला शिळा आकडा उचलून छापला होता. आणि ज्यांना चांगले आकडे मिळाले ते एकोणिसातले अठरा जण खुशीत घरी गेले होते. एकच बाई परत आली, अकोल्यापर्यंत रेल्वेनं, दोन गोणपाटं घेऊन. तिनं विचारलं. त्यानं प्रोग्राममध्ये जे विचारायला हवं होतं तेच तिनं विचारलं, शब्दही जवळपास तेच. शाकीबचे डोळे भरून आले आणि आपल्याला हे कशानं होतंय ते त्याला समजेना.

साडेपाच वाजले होते. तो खुशालरावांच्या केबिनमध्ये गेला.

खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "एकोणीस?" ते दोनदा म्हणाले. मग दार लोटून घेतलं. "हे पाय शाकीब, आज शनिवार. उद्या बंद. सोमवारी नीट बसू, नवे कागद काढू, पोस्टानं पाठवू. तोवर बाहेर एक शब्द नोको. उगाच बोंबाबोंब झाली तं दुकान बंद होईन आपलं."

शाकीब टेबलाशी परत आला. रजिस्टरमध्ये सूर्यभानजींच्या नावापुढे त्यांच्या घरचा फोन नंबर होता, फोन हाताशी होता. त्यानं रिसीव्हर उचललासुद्धा. काय सांगायचं याची जुळवाजुळव करता करता तो खाली ठेवला. दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं स्वतःला समजावून तो घरी गेला.

सोमवारी मात्र त्याच्यानं पोस्टाची वाट बघवेना. सकाळच्या पॅसेंजरनं तो बडनेऱ्यावरून चांदूर रेल्वेला उतरला आणि ऑटोनं बोरखेडीला पोचला. सूर्यभानजी ओसरीवर बसले होते. पांढरं धोतर, दहा वर्षं सरपंचकी केलेली, बोलणं कमी. शाकीबनं नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं, आणि मग वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात म्हणाला, "तुमचा कागद चुकीचा हाये, सूर्यभानजी. तो आकडा दुसऱ्याच्या बियाण्याचा. तुमचं बी आमच्या यंत्रानं वाचलंच नाही. चूक माझ्या प्रोग्रामची हाये, यंत्राची नाही."

"मंग माह्यं किती?"

"आमच्याकडं त्याचा आकडाच नाही."

सूर्यभानजींनी माणिकबाईला बोलावणं पाठवलं. ती आली, त्यांच्या बियाण्याचं गोणपाट घेऊनच आली. रोज पाणी शिंपडून तिनं ते ओलं ठेवलं होतं. सूर्यभानजी उकिडवे बसले आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत त्यांनी स्वतः मोजलं. चौतीसपर्यंत पोचून ते थांबले. मग उठले, वहाणा घातल्या.

"चाल," ते शाकीबला म्हणाले. माणिकबाईही गोणपाट घेऊन मागोमाग निघाली.

सतरांपैकी अकरा घरांत त्यांची पोती गेली होती. प्रत्येक अंगणात उभं राहून ते तेच सांगत होते. "आजच समजलं. माह्या बियाण्याचा कागद खोटा निघाला. बी चांगलं नाही. पेरू नका. माणिकबाईचं चांगलं हाये, ते घ्या." आवाज खाली नाही, मान खाली नाही. मला फसवलं असं एकाही दारात म्हणाले नाहीत, मागे उभ्या असलेल्या शाकीबकडे बोटही दाखवलं नाही. गावात ज्यांचा शब्द चाले असा माणूस, आणि स्वतःच्या बियाण्याला वाईट म्हणत दारोदार फिरत होता. शाकीब त्यांच्या मागून चालत होता आणि त्याच्या अंगावर काटा येत होता. हे असं सांगता येतं, इतक्या सरळ, हे त्याला माहीतच नव्हतं. दहा अंगणांत पोती अजून शिवलेली होती. लोक ऐकत, माणिकबाईकडे बघत, आणि पोतं उचलून बाजूला ठेवत.

शेवटचं घर ओमप्रकाशचं. त्याचं वावर गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड, पाणी लवकर जिरणारं. अंगणात तो पेरणीची तिफण धूत होता. त्यानं सूर्यभानजींचं ऐकून घेतलं. हात पुसले. मग म्हणाला, "हे कवा समजलं?"

"आजच," सूर्यभानजी म्हणाले. त्यांना तेवढंच माहीत होतं.

ओमप्रकाशची नजर शाकीबवर गेली. "तुले?"

सोपं होतं. आज म्हटलं असतं तरी चाललं असतं. दहा अंगणांत तेच सांगून झालं होतं, अकराव्यात कोण उलटतपासणी घेणार होतं? सूर्यभानजीही वळून त्याच्याकडे बघू लागले, अकरा घरांत पहिल्यांदाच.

"शनिवारी," शाकीब म्हणाला. "साडेपाच वाजता. फोन होता टेबलावर. मी केला नाही."

तिफणीच्या फणाला चिकटलेला मातीचा गोळा ओमप्रकाशनं अंगठ्यानं काढला.

"माह्या वावरात इतवारी सकाळी वाफसा आला," तो म्हणाला. "चार एकर. दुपारच्या आत पेरून झालं."